डाळिंबाची साल

आपल्या मराठी घरांतून साल वाया घालवण्याचा रिवाज फारसा नाही. दोडक्याच्या शिरांची चटणी होते, कलिंगडाचा पांढरा भाग थालिपिठात जातो, फणसाच्या आठळ्या भर पावसात आमटीत उतरतात, आणि संत्र्याच्या साली वाळून, कुटून, वस्त्रगाळ होऊन नरकचतुर्दशीच्या पहाटे उटण्याच्या वाटीत आपल्यापुढे हजर होतात. कोकमाच्या बाबतीत तर सालीलाच खरा मान आहे! आमच्या आत्याचे मत असे की, ज्या घरात आज सालीला किंमत नाही, त्या घरात उद्या म्हाताऱ्या माणसालाही किंमत राहायची नाही. हे वाक्य ती सूनबाईंना ऐकू जाईल अशा बेताने म्हणते. पण त्यात तथ्य नाही असे मात्र कोणी म्हणू नये.

असे असूनही एक साल आमच्या घरातून वर्षानुवर्षे सरळ केराच्या डब्यात जात होती. ती डाळिंबाची. दाणे सोलताना बोटे काळी व्हायची, साल जिभेला लागली तर तोंड आवळून यायचे, आणि त्या जाड, चिवट कवचाचे करायचे तरी काय, हे कोणाला सुचत नसे. डाळिंब विकत घेताना आपण दाण्यांचे पैसे देतो अशी आपली समजूत असते. पण तराजूत पडलेल्या वजनात जवळजवळ निम्मा वाटा सालीचाच असतो. सोलापूरचे डाळिंब आज भौगोलिक मानांकन मिळवून बसले आहे (ते २०१६ साली मिळाले), त्याच गावात २००५ पासून डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, आणि रसाच्या दुकानांपुढे सालींचे ढीग पडत आहेत. या ढिगांचा विचार करण्याची वेळ आमच्यावर येईल असे मात्र कधी वाटले नव्हते.

ती वेळ आमच्या कन्येने आणली. कन्या सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन एम्. एस्सी. करीत होती आणि शेवटच्या वर्षाच्या प्रबंधासाठी तिने विषय घेतला होता: हिरड्यांच्या रोगाचे जंतू आणि फळांच्या टाकाऊ भागांचा अर्क. कोपऱ्यावरच्या ज्यूसवाल्याकडे ती पिशवी घेऊन जाऊ लागली. "ताई, दाणे टाकून साली नेणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदा बघतोय," असे तो म्हणाला म्हणे. आठ दिवसांत आमच्या गॅलरीत, जिथे एरवी उन्हाळ्यात साबुदाण्याच्या पापड्या पडतात तिथे, लाल साली वाळू लागल्या. उन्हात नव्हे, सावलीत. उन्हाने त्यातले गुण कमी होतील, असे तिचे म्हणणे. सौभाग्यवतींनी दोन दिवस नाराजी दाखवली. तिसऱ्या दिवशी मिक्सरचे जुने भांडे स्वतःहून काढून दिले. आणि आत्या? आत्या त्या सालींकडे पाहून असे काही हसली की, जणू माहेरचे माणूस बऱ्याच वर्षांनी दारात आले होते.

"ठमे, या सालीचा काढा करून आमची आई आम्हाला गुळण्या करायला लावायची. सैंधव घालून. हिरडी हुळहुळली की हाच काढा. आता तुझं कॉलेज मला हे शिकवणार होय?"

"कॉलेज शिकवत नाही गं आत्याआजी. कॉलेज विचारतंय, ते खरं आहे का म्हणून."

"आईनं सांगितलेलं खरं आहे का, असं विचारायची पद्धत आमच्या वेळी नव्हती!"

हा सगळा विनोद मी मोठ्या आनंदाने ऐकत असे. पण त्याच्या मागे एक काळजी होती, आणि ती आम्ही कोणी मोठ्याने बोलत नव्हतो. आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची. वीस वर्षांपासून मधुमेह. तिच्या हिरड्यांतून रक्त येत होते. खालचे पुढचे दोन दात बोटाने हलत. ती भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागली होती आणि विचारले की सांगे, "मला आता अशीच आवडते." तिच्यासारखी चोखंदळ बाई, जी चकलीचा काटा मोडला तर भाजणी कुठे चुकली ते सांगे, तिला अशी भाकरी आवडते यावर कोण विश्वास ठेवणार? पण दंतवैद्याचे नाव काढले की ती उठून देवघरात जाई. दात काढतील, ही एकच धास्ती. आणि हातात काढ्याची वाटी.

हिरड्यांचा रोग ही मोठी सभ्य व्याधी आहे. दाढ किडली तर ती रात्री दोन वाजता उठवून आपली दखल घ्यायला लावते. हिरडी तसे करीत नाही. ती थोडी लाल होते, घासताना थोडे रक्त देते, आणि आपण म्हणतो, ब्रश कडक असेल. आत मात्र दाताला धरून ठेवणारे हाड कणाकणाने झिजत असते. दुखत नाही म्हणून कळत नाही, आणि कळते तेव्हा दात हलू लागलेला असतो.

कन्येच्या अभ्यासामुळे या गोष्टीचा इतिहास मलाही वाचावा लागला. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावी अँटनी व्हान लीवेनहूक नावाचा कापडाचा व्यापारी होता. त्याने १६८३ साली स्वतःच्या दातांवरचा पांढरा लेप खरवडून आपल्या भिंगाखाली पाहिला आणि लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले की, त्यात लहान लहान प्राणी फार सुंदर रीतीने हिंडत आहेत. ज्याने आयुष्यात कधी तोंड स्वच्छ केले नव्हते अशा एका म्हाताऱ्याचा लेपही त्याने तपासला. तिथे तर गर्दीच गर्दी! पण ही गर्दीच रोगाचे कारण आहे, हे ठामपणे दिसायला पुढे जवळजवळ तीनशे वर्षे जावी लागली. डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. धडधाकट हिरड्यांच्या बारा माणसांना त्यांनी दात घासणे बंद करायला सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत बाराच्या बारा जणांच्या हिरड्या सुजल्या. मग पुन्हा घासायला लावले. साधारण आठवड्याभरात हिरड्या पूर्ववत. इतका सरळ, इतका निरुत्तर करणारा प्रयोग दुसरा मी वाचलेला नाही.

लेपात शेकडो जातींचे जंतू असतात आणि त्यांतले बहुतेक आपल्याला त्रास देत नाहीत. अमेरिकेतल्या सिग्मंड सोक्रान्स्की यांनी १९९८ साली या जातींचे रंगवार गट पाडले. त्यांत सर्वांत दुष्ट त्रिकुटाला लाल रंग दिला. त्या त्रिकुटाचा म्होरक्या पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस. नावाप्रमाणेच तो हिरडीचा रहिवासी. त्याला हवा सोसत नाही; म्हणून तो दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत, ज्याला दंतवैद्य खिसा म्हणतात, तिथे दडून बसतो. त्याला लोह हवे असते आणि ते तो आपल्या रक्तातून घेतो. म्हणजे हिरडीतून रक्त येणे हे आपल्याला रोगाचे लक्षण, आणि त्याला ताटात वाढलेली मेजवानी. आणि मधुमेह असला की या मेजवानीला अंत नाही. साखर वाढली की हिरडी बिघडते, हिरडी बिघडली की साखर आवरत नाही. एकमेकींना चिथावणाऱ्या दोन जावाच त्या.

आता डाळिंबाच्या सालीने यात काय करावे? तिचा सारा गुण त्या तुरटपणात आहे. संस्कृतात तुरट रसाला कषाय म्हणतात आणि काढ्यालाही कषाय म्हणतात, हा योगायोग मला फार अर्थपूर्ण वाटतो. तुरटपणा येतो टॅनिन नावाच्या द्रव्यांमुळे. डाळिंबाच्या सालीत त्यांचा मोठा साठा असतो. त्यांपैकी मुख्य द्रव्याचे नाव प्युनिकॅलॅजिन. टॅनिन प्रथिनांना घट्ट धरते. लाळेतली प्रथिने धरली की तोंड आवळते. कातड्यातली धरली की कातडे कमावले जाते. चांभारकामात आणि रंगाऱ्यांकडे ही साल पूर्वीपासून वापरात होती ती यामुळेच. तीच द्रव्ये जंतूच्या अंगावरची प्रथिने आणि तो हिरडी कुरतडायला वापरतो ती पाचक द्रव्ये यांनाही पकडतात. शिवाय टॅनिन लोहाशी जुळते. सोलताना विळीच्या पात्यावर आणि बोटांवर काळे डाग पडतात ते त्यामुळेच. लोहासाठी हपापलेल्या जंतूच्या तोंडचा घास काढून घेण्याची ही युक्तीही त्यात असावी, असे संशोधक मानतात.

प्रयोग मात्र आमच्या स्वयंपाकघरातल्या काढ्याइतका सोपा नव्हता. सालीची भुकटी पाण्यात आणि पाणी मिसळलेल्या अल्कोहोलमध्ये भिजवायची, गाळायची, आटवायची. मग त्या चिकट अर्काची ठराविक तीव्रतेची द्रावणे करायची. जंतू वाढवायला काचेच्या बशीत मेंढीच्या रक्ताचे आगर. (हे आत्याला सांगितले नव्हते.) बशा हवा काढून घेतलेल्या बरणीत, शरीराइतक्या उष्णतेत, पाच-सात दिवस. बरणी उघडली की असा वास सुटे की, कन्येला घरी आल्यावर सरळ न्हाणीघराकडे पिटाळले जाई. रक्तातले लोह साठवून त्या जंतूच्या वसाहती काळ्याभोर होतात. त्या आगरात लहान खळी पाडून एकात सालीचा अर्क, एकात दंतवैद्य देतात ते क्लोरहेक्सिडीन, आणि एकात नुसते अल्कोहोल घालायचे.

"नुसतं अल्कोहोल कशाला?" मी विचारले.

"बाबा, जंतू सालीनं मेला की अल्कोहोलनं, हे नको का कळायला?"

वकिलाच्या घरात वाढलेल्या मुलीचे उत्तर! साक्षीदाराची उलटतपासणी घेतल्यावाचून निकाल नाही.

मार्च महिन्यात एका संध्याकाळी ती फोनवरचा फोटो घेऊन आली. काळ्या ठिपक्यांनी भरलेल्या बशीत सालीच्या खळ्याभोवती स्वच्छ, मोकळे वर्तुळ. क्लोरहेक्सिडीनभोवती त्याहून मोठे. नुसत्या अल्कोहोलभोवती काहीच नाही. देशोदेशीच्या प्रयोगशाळांतून असे निकाल पूर्वीही आले आहेत. पण स्वतःच्या गॅलरीतल्या सालीने काढलेले वर्तुळ पाहण्यात काही वेगळाच आनंद असतो. सौभाग्यवतींनी शिरा केला. आत्याने चष्मा लावून फोटो तीनदा पाहिला आणि वाटी उचलून म्हणाली, "झालं तर मग! आता मला त्या दातवाल्याकडे न्यायची भाषा कोणी काढायची नाही."

घरात एकदम शांतता पसरली. कन्येचा चेहरा मला अजून आठवतो. सहा महिने राबून मिळवलेला निकाल, आणि पहिल्याच दिवशी त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायची पाळी. गप्प बसणे किती सोपे होते! आत्याचा मान राहिला असता, आईच्या काढ्याचा मान राहिला असता, शिरा गोड लागला असता. ती तिच्याजवळ जमिनीवर बसली.

"आत्याआजी, बशीतले जंतू उघड्या ओट्यावर बसलेल्या माणसांसारखे आहेत. पाऊस आला की भिजणार. तुझ्या दातांवरचे तसे नाहीत. ते स्वतःभोवती चिकट भिंत बांधून किल्ल्यात राहतात. बशीतल्याला जेवढं औषध पुरतं त्याच्या कितीतरी पट त्यांना लागतं. त्यात लेपाचं झालंय कीटण. दगडच तो. गुळणीनं दगड विरघळत नाही. आणि गुळणी वरवर फिरते गं, खिशाच्या तळाशी जात नाही."

"आमचे अण्णा नव्वदाव्या वर्षी ऊस सोलून खायचे. कधी डॉक्टरचं तोंड पाहिलं नाही."

यावरही तिच्याकडे उत्तर होते. त्याच लो साहेबांनी श्रीलंकेच्या चहामळ्यांतल्या ४८० मजुरांची दंतपरीक्षा १९७० पासून पंधरा वर्षे केली. त्या लोकांना दात घासण्याची सवय नव्हती, दंतवैद्य नव्हता. शंभरातल्या अकरांच्या हिरड्या सुजल्या तरी रोग पुढे सरकला नाही. एक्याऐंशी जणांचा हळूहळू वाढला. आणि आठ जणांची तर दाणादाण उडाली.

"तुझे अण्णा त्या अकरातले," कन्या हळूच म्हणाली. "तू नाहीस. तुझे दात हलतायत."

इतके स्पष्ट या घरात आत्याशी कोणी बोलले नव्हते. आत्या काही न बोलता उठली आणि देवघरात गेली. त्या रात्री ती जेवली नाही. मला वाटले, पोरीने जरा सबुरीने घ्यायला हवे होते. पण तसे मी तिला म्हणालो नाही, कारण ती खरे तेच बोलली होती आणि ते बोलायला तिला माझ्याहून जास्त त्रास झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याने फर्मान काढले. "मला ते तुझे प्राणी दाखव. बघितल्याशिवाय मी मानायची नाही."

कन्येने दातावरचा लेप काडीने घेतला, रिक्षाने आत्यालाच कॉलेजात नेले आणि सूक्ष्मदर्शकापुढे बसवले. मी बरोबर होतो. आत्या बराच वेळ डोळा लावून होती. मळसूत्रासारखे वळवळणारे, सुळकन पळणारे, एकमेकांवर आदळणारे ते जग पाहून ती मान वर न करताच म्हणाली, "आणि हे सगळे माझ्याकडे राहतात? पागडी न देता?"

"वीस वर्षं," कन्या म्हणाली.

"मग यांना काढायलाच पाहिजे. नोटीस देऊन हे जायचे नाहीत."

दंतवैद्यबाई मोठ्या मायाळू निघाल्या. मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई घेऊन त्यांनी प्रत्येक दाताभोवतीचा खिसा मोजला. तीनपर्यंत ठीक, आत्याचे काही सहा आणि सात भरले. दोन दात काढावे लागले, ते हलणारेच. बाकीच्यांच्या मुळांपर्यंतची खोल सफाई चार बैठकांत झाली. साखरेच्या डॉक्टरांशी आधी बोलणे झाले होतेच. तीन महिन्यांनी रक्त थांबले, खिसे आवळत आले, आणि साखरेचा तीन महिन्यांचा आकडाही थोडा उतरला. तो फार उतरत नाही, थोडाच उतरतो. पण वीस वर्षांच्या मधुमेहात थोडेही पुष्कळच.

आणि काढा? दंतवैद्यबाईंनी त्याला हसून परवानगी दिली. ब्रशनंतर, ब्रशऐवजी नव्हे. क्लोरहेक्सिडीनची गुळणी फार दिवस चालवली तर दातांवर तपकिरी डाग पडतात आणि जिभेची चव जाते. म्हणून तिच्या जोडीला किंवा तिच्यानंतर वापरता येईल असे सौम्य काही जगभर शोधले जात आहे. सालीची खरी जागा तिथे असावी. थायलंडमधल्या दंतवैद्यांनी २००३ आणि २००५ साली प्रसिद्ध केलेल्या कामात डाळिंब आणि मंडूकपर्णी यांच्या अर्काच्या विरघळणाऱ्या बारीक चकत्या खोल सफाई केल्यानंतर खिशात ठेवल्या, आणि नुसत्या सफाईपेक्षा गुण अधिक आला. यातला 'केल्यानंतर' हा शब्द वाचकांनी नजरेआड करू नये. अडचणी आणखीही आहेत. घरच्या काढ्यात आज किती द्रव्य उतरले आणि उद्या किती, हे कोण मोजणार? डाळिंब एका जातीचे, पिकण्याचा काळ वेगळा, फवारणीची औषधे सालीवरच बसलेली. आणि सालीचा गुण ऐकून कोणी मुळाच्या सालीला हात घालू नये. तिच्यात जंतांवर चालणारी, पण माणसालाही बाधणारी तीव्र द्रव्ये असतात.

कन्येचा प्रबंध पुरा झाला. शेवटचे वाक्य, अशा प्रबंधांत असते तसेच, अधिक अभ्यासाची आवश्यकता आहे असे सांगणारे होते. मला ते थोडे कोमट वाटले. इतकी धावपळ, इतका वास, इतक्या साली, आणि शेवट असा? मी तसे बोलून दाखवले. आत्या दोन नव्या दातांनी भाकरीचा पापुद्रा मोडीत होती. दूध बाजूला तसेच होते. ती म्हणाली, "तुला कळत नाही, बाळ. बशीत जुळलं म्हणजे पत्रिका जुळली. संसार तोंडात व्हायचाय. पत्रिका जुळली म्हणून कोणी लगेच पेढे वाटतं का?"

कन्येने वही ओढून ते वाक्य तिथल्या तिथे लिहून घेतले. प्रबंधात ते घालता येणार नाही, हे दोघींनाही ठाऊक होते.